तळची ओळ : निवडणूक प्रचाराच्या वस्तू कशा वाचाव्यात

प्रचाराचा कागद थोडेच दिवस जगावा, याच हिशेबाने छापलेला असतो. पुस्तक छापणाऱ्याच्या मनात पुढच्या पिढीचा वाचक असतो, वर्तमानपत्राची निदान फाइल तरी होते. हँडबिल, भित्तिपत्रक, पत्र्याचा बिल्ला, पताका, घरोघर पोचवलेली मतदाराची चिठ्ठी यांचे आयुष्य मात्र मतदानाच्या संध्याकाळी संपते. दुसऱ्या दिवसापासून कागद पुड्या बांधायला जातो, कापडी फलकाची पिशवी होते, बिल्ला पोरांच्या खेळात जातो. त्यातून जे उरते ते कुणी ठरवून ठेवलेले नसते. ट्रंकेच्या तळाशी अंथरायला, पुस्तकाला कव्हर घालायला, हिशेबाच्या वहीत खूण म्हणून वापरले गेले, एवढ्याच कारणाने ते उरते.

अशा वस्तू गोळा करण्याचा छंद आपल्याकडे रुजू लागला आहे. नाणी, टपाल तिकिटे, काडेपेटीचे छाप जमवणारे लोक आता बैलजोडीचा बिल्ला आहे का, गाय-वासराचे पोस्टर आहे का, असे विचारतात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात पूर्वी हा माल रद्दीच्या भावात जायचा. आता विक्रेता तो वेगळा काढून ठेवतो. ही गोष्ट चांगलीच आहे. माझा आक्षेप छंदाला नाही, त्याच्या निकषांना आहे. सध्याचा संग्राहक चार गोष्टी पाहतो : चेहरा प्रसिद्ध आहे का, वस्तू किती जुनी आहे, ती कोरी करकरीत आहे का आणि भिंतीवर लावायला देखणी आहे का. हे चारही निकष नाण्यांच्या आणि तिकिटांच्या छंदातून जसेच्या तसे उचललेले आहेत. निवडणुकीच्या वस्तूला ते लावले, की तिच्यातला महत्त्वाचा मजकूर हातातून निसटतो. तो मजकूर बहुधा कडेला, तळाशी आणि पाठीमागे असतो. गेली काही वर्षे हा माल जमवताना आणि इतरांचे संग्रह पाहताना माझी जी पद्धत बनत गेली, ती इथे मांडतो.

चिन्हाची तारीख

बिल्ल्यावर सन नसतो. पक्षाचे नावही पुष्कळदा नसते, असते ते फक्त चिन्ह. तेव्हा संग्राहकाचे पहिले काम चिन्हावरून काळ ओळखणे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातले शंभरातले जेमतेम अठरा लोक साक्षर होते. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने पक्षांना चिन्हे दिली ती या वास्तवाकडे पाहून. काँग्रेसला जोखडासह बैलजोडी, समाजवाद्यांना वडाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाला झोपडी, कम्युनिस्टांना कणीस-विळा, जनसंघाला दिवा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती. शेतकऱ्याच्या अंगणातून आणि रोजच्या बोलण्यातून उचललेली ही चित्रे आहेत.

यांतल्या काहींचा काळ ठरवणे सोपे वाटते. बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंतची. फुटीनंतर ते चिन्ह गोठले. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसने गाय-वासरू घेतले आणि संघटना काँग्रेसकडे चरखा चालवणारी स्त्री आली. १९७७ ला जनता पक्ष भारतीय लोकदलाच्या चिन्हावर, म्हणजे चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढला. १९७८ मध्ये काँग्रेस पुन्हा फुटली आणि हात आला. हा तक्ता बहुतेक संग्राहकांना पाठ असतो, आणि इथेच घोळ सुरू होतो.

हाताचेच घ्या. बाजारात हाताच्या पंजाचा बिल्ला दिसला, की तो १९७८ नंतरचा काँग्रेसचा, असे विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघेही धरून चालतात. पण १९५१-५२ मध्ये माणसाचा हात हे चिन्ह फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाचे होते. आर. एस. रुईकर हे नागपूरचे कामगार नेते, तेव्हा त्या हाताचा कागद विदर्भात सापडणे अगदी शक्य कोटीतले आहे. पुढे गोव्यात १९६३ च्या डिसेंबरात पहिली विधानसभा निवडणूक झाली. तिच्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह होता आणि जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचा हात. म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांत एकच हात तीन वेगवेगळ्या राजकारणांनी उचलला : नागपूरचे कामगार राजकारण, गोव्याचे वेगळेपणाचे राजकारण आणि दिल्लीतल्या फुटीचे राजकारण. चित्र तेच असले तरी वाक्य वेगळे आहे.

हत्तीची गोष्ट याच्या उलट आहे. तो फेडरेशनकडून १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाकडे आला आणि पुढे बहुजन समाज पक्षाकडे गेला. पक्ष बदलले, चिन्ह चालत राहिले. इथे काळ ठरवण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते हे, की चिन्हाने स्वतःची अशी परंपरा निर्माण केली. पक्षाच्या कागदपत्रांतून ही परंपरा दिसणार नाही. पिढ्यापिढ्यांचे बिल्ले शेजारी मांडले तरच ती दिसते. चिन्हाचे हे वजन जुने झालेले नाही, हे आपण २०२२ मध्ये पाहिले. शिवसेनेचे धनुष्यबाण गोठले, मशाल आणि ढाल-तलवार पुढे आली आणि लगेच १९८५ च्या मशालीची आठवण वर्तमानपत्रांतून निघाली. नव्या चिन्हाला जुना पुरावा हवा होता. ज्या वस्तूंना आपण स्मरणवस्तू म्हणतो, त्या अशा वेळी युक्तिवाद होतात.

टाका, मारा, दाबा

चिन्हाने काळ निश्चित होत नसेल तर मजकुराकडे वळावे. मजकुरातही घोषणेकडे नव्हे, क्रियापदाकडे पाहावे. घोषणा पुन्हा पुन्हा वापरल्या जातात. क्रियापद मात्र मतदानाच्या यंत्रणेला बांधलेले असते.

पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. मतपत्रिकेवर नावे नसत. पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने आडोशामागे जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा असे. त्यासाठी लाखो लोखंडी पेट्या तयार झाल्या. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनलेल्या पेट्या तर आजही काही सरकारी कचेऱ्यांत दिसतात. त्यामुळे त्या काळचे पत्रक मतदाराला मत पेटीत टाकायला सांगते. १९६२ पर्यंत ही पद्धत जवळजवळ सगळीकडे बदलली. एकाच मतपत्रिकेवर सगळी नावे आणि चिन्हे आली, मतदाराने त्यांतल्या एकावर शिक्का उठवायचा. पत्रकांत शिक्का मारण्याचे आवाहन सुरू झाले. पुढे यंत्र आले. १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात त्याचा पहिला प्रयोग झाला आणि २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रेच होती. तेव्हापासून बटण दाबायचे असते, आणि पत्रकावर उमेदवाराच्या नावाइतकाच त्याचा अनुक्रमांक ठळक होतो.

टाका, मारा, दाबा. बैलजोडीच्या पत्रकावर शिक्का मारायला सांगितले असेल, तर ते १९५२ चे असू शकत नाही, मग विक्रेता काहीही सांगो. याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक क्रियापदाबरोबर पत्रकाची रचनाच बदलते. पेटीच्या काळातले पत्रक शिकवणीसारखे असते. कागद कुठे न्यायचा, कुठल्या चित्रासमोर थांबायचे, कुणाला सांगायचे नाही, हे ते पायरीपायरीने समजावते. शिक्क्याच्या काळात नमुना मतपत्रिका छापली जाते आणि शिकवणीची जागा चित्र घेते. बटणाच्या काळात आकडा पुढे येतो. मतदार साक्षर होत गेला तसतसे पत्रकातले समजावणे कमी होऊन ओरडणे वाढत गेले, असे मला ही पत्रके ओळीने लावल्यावर दिसते. साक्षरतेचा आणि प्रचाराच्या भाषेचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

असाच आणखी एक धागा दोन नावांचा. १९५२ आणि १९५७ मध्ये काही मतदारसंघ दोन जागांचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. १९६१ च्या कायद्याने ते रद्द झाले. त्यामुळे एकाच सभागृहासाठी दोन उमेदवारांना मत मागणारे पत्रक १९६१ नंतरचे असू शकत नाही. मात्र १९६७ पर्यंत लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान बरोबरच होत असे. तेव्हा दोन नावे दिसली, की ती एकाच सभागृहाची आहेत की दोन, हे आधी पाहावे लागते.

कायद्याने राखलेली ओळ

आता ज्या ओळीवरून या लेखाचे नाव ठेवले आहे तिच्याकडे येतो. कुठल्याही पत्रकाच्या किंवा भित्तिपत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असतो. वाचणारा ती ओळ वाचत नाही. फ्रेम करणारा ती कापून टाकतो, कारण तिच्यामुळे चित्राचा तोल जातो. बाजारात येणाऱ्या जुन्या पोस्टरांपैकी कितीतरी खालून दोन बोटे कापलेली असतात, आणि गिऱ्हाईक त्याबद्दल तक्रारही करत नाही.

ही ओळ छापखान्याच्या हौसेने आलेली नाही. १८६७ च्या छापखाना आणि पुस्तक नोंदणी कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण सक्तीचे केले होते. ते परकीय सरकारचे नजर ठेवण्याचे साधन होते. स्वातंत्र्यानंतर, १९६१ मध्ये, लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७-अ घालण्यात आले. निवडणुकीच्या पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांचीही नावे-पत्ते दर्शनी भागावर हवेत. प्रकाशकाने आपल्या ओळखीबद्दल स्वतःच्या सहीचे आणि ओळखणाऱ्या दोन व्यक्तींनी साक्षांकित केलेले निवेदन मुद्रकाला दिले पाहिजे. मुद्रकाने त्या निवेदनाची प्रत छापलेल्या कागदासह राज्याच्या राजधानीत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवली पाहिजे. कसूर केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हेतू उघड आहे. उमेदवाराबद्दल काहीही छापून रातोरात वाटता येऊ नये, शब्दांमागे उत्तर देणारा माणूस असावा. परकीय सत्तेने नजर ठेवायला आणलेली ओळ स्वतंत्र देशाने जबाबदारी ठरवायला वापरली. एकाच ओळीच्या अर्थातला हा बदल मला आपल्या लोकशाहीच्या इतिहासातला एक सुंदर बदल वाटतो. आणि नकळत कायद्याने आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक जिल्ह्यात, प्रचारसाहित्याचा एक सरकारी संच जमेल अशी तरतूद झाली. संग्रह हा कायद्याचा उद्देश नव्हता, पण जिल्ह्यातल्या सर्व बाजूंचे कागद एकत्र येण्याची याहून चांगली व्यवस्था कुठल्या संग्राहकाने केली असती?

या ओळीतून काय काय वाचता येते? पहिले, छापखान्यांचा नकाशा. तालुक्याच्या गावात एकच ट्रेडल मशीन असेल तर दोन्ही विरोधी उमेदवारांची पत्रके एकाच छापखान्यातून निघतात. तोच टाइप, तेच झिजलेले अक्षर, तीच फुलांची किनार. वर्षभर लग्नपत्रिका छापणाऱ्याने महिनाभर जाहीरनामे छापलेले असतात, आणि लग्नपत्रिकेचा गणपती काढून त्याच जागी पक्षाचे चिन्ह बसवलेले असते. माझ्याकडच्या काही पत्रकांवर ‘आपले नम्र’ या शब्दांखालची नावांची मांडणी थेट लग्नपत्रिकेची आहे. प्रचाराची मराठी भाषा घडली ती नेत्यांच्या भाषणांत, असे आपण मानतो. ती जुळाऱ्याच्या खिळ्यांच्या पेटीतही घडली आहे. दुसरे, प्रकाशक. हे नाव उमेदवाराचे नसते. ते कुणा कार्यकर्त्याचे, दुकानदाराचे, शिक्षकाचे असते. पक्षाच्या इतिहासात ज्यांना ओळीची जागा मिळाली नाही, त्यांची नोंद इथे असते. तिसरे, अलीकडच्या पत्रकांवर खर्चाच्या हिशेबासाठी प्रतींची संख्याही छापलेली असते. किती छापले आणि किती उरले, याचा ताळा त्यावरून मांडता येतो.

एक सावधगिरी. कलमाने सभेची तारीख, वेळ, ठिकाण एवढेच सांगणारी हँडबिले वगळलेली आहेत. म्हणून सभेच्या पत्रकावर ओळ नाही यावरून ते बनावट ठरवू नये. उलट उमेदवाराबद्दल गंभीर आरोप असलेल्या पत्रकावर ओळ नसेल, तर तो कागद निनावी पत्रकांच्या मोठ्या आणि कुरूप घराण्यातला आहे. मतदानाच्या आदल्या रात्री दारातून सरकवलेली ही पत्रके संग्राहक ठेवत नाहीत. त्यांत जात असते, बाई असते, कुणाचे घर असते. मी ती ठेवतो. माणसांची नावे झाकल्याशिवाय ती कुणाला दाखवत नाही, पण फेकतही नाही. देखणा संग्रह करायचा तर ती काढून टाकावीच लागतील. मग उरलेल्या संग्रहावरून पुढच्या वाचकाला वाटेल, की आपल्या निवडणुका म्हणजे कणीस, दिवा आणि वडाचे झाड यांचे प्रदर्शन होते.

कोरेपणाची किंमत

बाजारात कोऱ्या बिल्ल्याला जास्त भाव आहे. गंजलेली टाचणी, ओरखडे, उडालेला रंग म्हणजे दोष. नाण्याच्या छंदात हे ठीक आहे. प्रचाराचा बिल्ला कोरा राहिला याचा अर्थ मात्र एवढाच, की तो कुणापर्यंत पोचला नाही. गठ्ठ्यात बांधलेला तो पक्षाच्या कचेरीत किंवा घाऊक दुकानात पडून राहिला. टाचणी वाकलेली, पाठीवर घामाचा गंज चढलेला बिल्ला सांगतो, की तो कुणीतरी छातीवर लावून फिरला. तसेच भित्तिपत्रकाचे. पाठीवर खळ आणि चुन्याचा पोपडा असेल, तर ते भिंतीवरून निघाले आहे. कागद वापरला गेल्याचा हा एकमेव पुरावा, आणि दुरुस्ती करणारा नेमका तोच धुऊन टाकतो.

कोरेपणाचा सोस बनावट मालालाही वाट करून देतो. नव्या पत्र्यावर जुने चिन्ह छापणे अवघड नाही, अवघड आहे ती जुनी पाठ. या बाबतीत अमेरिकेतला छंद आपल्यापेक्षा बराच पुढे गेला आहे. तिथे सेल्युलॉइडचा आजच्यासारखा बिल्ला १८९६ च्या मॅकिन्ली-ब्रायन निवडणुकीत मोठ्या प्रमाणावर आला. न्यूजर्सीतल्या न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने तो घडवला. त्याच्या पाठीत कंपनीचे नाव आणि पेटंटची तारीख छापलेला कागद बसवलेला असे. जाणता संग्राहक बिल्ला हातात घेतला की आधी उलटा करतो. तिथल्या संग्राहकांची संघटना १९४५ पासून आहे, आणि १९७३ च्या कायद्याने राजकीय वस्तूच्या प्रतिकृतीवर ती बनवल्याचे वर्ष कायमचे उमटवणे सक्तीचे केले. म्हणजे तळची ओळ तिथे पाठीवर आहे, आणि छंदाने ती वाचायला शिकून घेतले आहे.

अमेरिकन बाजारातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथल्या अत्यंत दुर्मीळ आणि महाग बिल्ल्यांत १९२० चे कॉक्स आणि रूझवेल्ट या जोडीचे बिल्ले मोडतात. ही जोडी हरली होती. पण तिथेही हरलेल्याला भाव मिळतो तो त्याचा माल कमी उरला म्हणून आणि जोडीतला रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून. हरण्याचा स्वतःचा असा काही अर्थ असतो, हे बाजाराला कळत नाही.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. १९५२ मध्ये मुंबई शहर उत्तर या दोन जागांच्या मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर फेडरेशनतर्फे उभे होते आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांच्याबरोबर युतीत होते. हत्ती आणि वड एकत्र मत मागत होते. दोघेही पडले. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले. पुढे आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. मतदाराला आपल्या दोन मतांपैकी एक वाया घालवायला सांगणारा प्रचार, हा त्या वादातला एक मुद्दा होता. म्हणजे त्या निवडणुकीतले प्रचाराचे शब्द हे केवळ आठवणी नाहीत, वादातला पुरावा आहेत. दोन मते, दोन पेट्या, दोन चिन्हे हे गणित मतदाराला कोणत्या मराठीत समजावले गेले, हे कळल्याशिवाय त्या पराभवाचा अभ्यास पुरा होत नाही. चरित्रे निकाल सांगतात. समजावण्याची भाषा हँडबिलातच सापडायची.

याउलट १९६७ ला दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना हरवले, तेव्हा पाटील पडू शकतात आणि त्यांना मतदारच पाडू शकतो, हाच प्रचाराचा गाभा होता. त्या विजयाच्या कथा सगळ्यांना ठाऊक आहेत. तोच प्रचार ज्याच्याविरुद्ध होता, त्या हरलेल्या बाजूने काय छापले? संग्रहात दोन्ही बाजू नसतील, तर तो संग्रह जेत्याची वही होते. म्हणून नवा संग्राहक भेटला की मी त्याला एक साधी कसोटी सांगतो : तुमच्या संग्रहातल्या एखाद्या मतदारसंघात किती उमेदवार होते आणि त्यांपैकी किती तुमच्याकडे आहेत?

फूल आणि दोन पाने

ज्या मतदानात उमेदवारच नव्हता, त्याचे कागद या दृष्टीने फार शिकवतात. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश राहायचे, एवढाच प्रश्न. कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आधीच्या डिसेंबरात पायउतार झाले होते. विलीनीकरणाला चिन्ह होते फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. १,७२,१९१ मते दोन पानांना पडली, १,३८,१७० फुलाला. फरक ३४,०२१ मतांचा.

या कौलाचा संग्रह करायचा तर चेहऱ्याचा निकष पहिल्याच पायरीला कोसळतो. नुसती दोन पाने पाहून आजचा विक्रेता ती तमिळनाडूतल्या अण्णा द्रमुकची ठरवील, आणि फुलाला तर कोणताही पक्ष चिकटवता येईल. चिन्ह जेव्हा माणसाचे किंवा पक्षाचे नसते, प्रश्नाच्या एका उत्तराचे असते, तेव्हा ते कागदापासून सुटले की मुके होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला अधिक विचारात पाडणारी गोष्ट भाषेची आहे. विलीनीकरणाच्या बाजूने मराठी आणि विरोधात कोंकणी, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. पण विलीनीकरणाला विरोध करणारे महत्त्वाचे दैनिक ‘राष्ट्रमत’ मराठीत निघत होते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते, आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदर त्यात मराठीतच येत होते. मराठी वाचणाऱ्या मतदाराला महाराष्ट्रात जाऊ नका, हे मराठीतच सांगावे लागले. मराठी प्रचारसाहित्याचा संग्रह म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूचा संग्रह असे जो धरील, त्याच्या हातून या भाषेच्या राजकीय इतिहासातला एक कळीचा अध्याय सुटेल.

सुरुवात कुठून करावी

ज्याला सुरुवात करायची आहे त्याने एक मतदारसंघ धरावा, शक्यतो आपला. दिल्लीचे चेहरे सोडून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीकडे जावे. १९६२ पासूनच्या त्या निवडणुकांत पुष्कळ माणसे उभी राहिली, आणि त्यांचे कागद फार कमी ठेवले गेले. त्यांना बाजारात भाव नाही, ही नवख्यासाठी चांगलीच गोष्ट. वस्तू जिथे मिळाली ती जागा, तिच्याबरोबर आणखी काय होते आणि देणाऱ्याने काय सांगितले, हे त्याच दिवशी वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहावे. गठ्ठा मिळाला तर तो क्रमानेच ठेवावा, चांगले-वाईट निवडून फोडू नये. लॅमिनेशन कधीही करू नये. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही. चिकटपट्टी, स्टेपलर यांना हात लावू नये. पावसाळ्यात बिल्ले आणि कागद एकाच डब्यात ठेवले तर गंज कागदावर उतरतो, म्हणून ते वेगळे असावेत. आणि कडा कापू नयेत. फ्रेम मोठी करून घ्यावी.

घाई करण्याला एक कायदेशीर कारणही आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार वस्तू पुरावशेष ठरायला शंभर वर्षे लागतात, पण ऐतिहासिक मूल्य असलेल्या दस्तऐवजाला पंचाहत्तरच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या कागदांना ती पंचाहत्तर २०२६-२७ मध्ये भरतात. त्याच निवडणुकीतल्या पत्र्याच्या बिल्ल्याला आणखी पंचवीस वर्षे थांबावे लागेल. म्हणजे ज्या हँडबिलाला बाजार बिल्ल्यापेक्षा कमी मोजतो, तेच कायद्याच्या दृष्टीने आधी पुरातन होऊ शकते. त्याला ऐतिहासिक मूल्य आहे का, हा प्रश्न तेव्हा कुणीतरी विचारील. उत्तर द्यायला तळची ओळ शिल्लक असेल तर उत्तर देता येईल.

आणि ही ओळ केवळ जुन्या कागदांचा प्रश्न नाही. शेषन यांच्या काळात आचारसंहितेची अंमलबजावणी कडक झाली, १९९५ च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्यानंतर महाराष्ट्रात रंगवलेल्या भिंती कमी होत गेल्या, मग फ्लेक्स आले आणि आता प्रचार मोबाइलवर आहे. फ्लेक्स पावसात छपरावर ताडपत्री म्हणून जातो, तरी निदान त्याच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचे नाव सापडते. मोबाइलवर आलेल्या चित्राला मात्र तळ नाही. ते कुणी बनवले, कुणाच्या सांगण्यावरून, किती जणांना गेले, यांपैकी काहीच त्याच्यावर लिहिलेले नसते. १९६१ मध्ये जे निनावी पत्रक कायद्याने गुन्हा ठरवले, त्याचाच धाकटा भाऊ रोज सकाळी आपल्या हातात येतो आणि आपण तो पुढे पाठवतो. जुन्या पत्रकातली कर्कश भाषा वाचून हसू येते, पण त्या भाषेखाली कुणीतरी आपले नाव-पत्ता देऊन उभा होता, हेही दिसते. या वस्तू जमवण्यामागे माझे जे काही कारण आहे ते हे.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत अनेक घरांचे माळे रिकामे झाले असतील. रद्दीचा गठ्ठा अजून दारात असेल, तर त्यात मळके, दुमडलेले, कुणा अनोळखी उमेदवाराचे पत्रक आहे का पाहावे. असल्यास आधी तळाशी पाहावे.